चार हमाल आणि एक कुलूप

दवाखान्यांच्या सिस्टिम विमा कंपनीच्या सिस्टिमला जोडणं हे त्याचं काम, आणि त्या कामाला त्याच्याकडे चार हमाल होते. माणसं नव्हेत, एकाच वेळी फाइली उतरवून आणणारे चार प्रोग्रॅम. पण चौघेही एकाच बोचक्यावर तुटून पडायचे, म्हणून हे नाव. भांडण त्यानेच मिटवलं. फाइल उचलण्याआधी शेजारी कुलूप ठेवायचं, म्हणजे आपल्या नावाची चिमुकली फाइल. कुलूप दिसलं की बाकीच्यांनी मागे फिरायचं. मात्र कुलपाचा धनी दर पाच मिनिटांत ‘आहे’ म्हणाला नाही, तर तो गेला असं समजून कुलूप तोडायचं.

कल्पना मूळची बाबांची. बस चालवून निवृत्त झालेले बाबा दर पाच मिनिटांनी आतल्या खोलीतून विचारायचे, “आहेस ना रे?” त्याच्या लहानपणापासून. “आहे” म्हटल्याशिवाय सुटका नसे.

त्या दिवशी बाबा दवाखान्यात होते. सकाळीच हृदयाचं ऑपरेशन झालं होतं.

दुपारी तीनला त्यांच्या नावाची फाइल आली. खरं तर फाइल यायची ती केस मिटल्यावर. ही अजून लिहिली जात होती, म्हणून हमालांनी हात लावला नाही. मिनिटाला बहात्तर अक्षरं, अशी ती वाढत होती.

“रांग अडलीय,” त्याच्या वरिष्ठ मॅडम म्हणाल्या. “सहाला जबरदस्तीने उचलायचा नियम लाव. इकडे आली की दवाखान्याकडची पुसून टाक.”

“मॅडम, माझ्या वडिलांची आहे.”

“मग तर आधी उचल. वशिला समज.”

त्याने नियम लावला. साडेपाचला दवाखान्यात बाबांजवळ बसलेल्या ताईला फोन केला.

“झोपलेत. झोपेतसुद्धा ‘आहेस ना रे’ चालूच आहे. नाडी बहात्तर.”

त्याने पडद्याकडे पाहिलं. “आता?”

“अठ्ठ्याहत्तर. नर्सने कूस बदलली त्यांची. का रे?”

पडद्यावर अठ्ठ्याहत्तर.

योगायोग, असं स्वतःला बजावत तो नियम काढायला बसला. त्यासाठी मॅडमची मंजुरी लागे. मॅडम मीटिंगमध्ये होत्या. विषय, मंजुऱ्या लवकर कशा द्याव्यात.

सहा वाजले. ताईचा फोन चालूच होता. तीन नंबरच्या हमालाने कुलूप ठेवून हात घातला.

छप्पन्न.

“अरे, यंत्र वाजतंय,” ताई म्हणाली.

एकतीस.

हमालाचं कुलूप पुसून त्याने हाताने आपलं लिहिलं. धनी: मुलगा.

हमाल मागे फिरला.

चाळीस. साठ. बहात्तर.

“वायर सुटली होती म्हणतात,” ताई म्हणाली. 

दहा दिवसांनी बाबा घरी आले. फाइल वाढतेच आहे. त्याचा लॅपटॉप दर चार मिनिटांनी कुलपाला ‘आहे’ म्हणतो. मॅडमना त्याने ‘तांत्रिक कारण’ सांगितलंय. ते काय, हे विचारायची त्यांची हिंमत होत नाही.

काल दुपारी घरून काम करताना त्याला तिथेच दुसरी फाइल दिसली. स्वतःच्या नावाची. तीही वाढत होती. त्याने मनगटावर बोट ठेवलं, मिनिटभर मोजलं, आणि बोट काढून घेतलं.

शेजारी कुलूप होतं. बनवल्याची तारीख, त्याच्या जन्माची. धनी: बाबा. शेवटचं ‘आहे’ पावणेपाच मिनिटांपूर्वीचं.

तीन नंबरचा हमाल फेरीला निघाला होता.

आतल्या खोलीत पलंग करकरला.

“आहेस ना रे?”

“आहे, बाबा.”

कुलपावरची वेळ बदलली.