संत्र्याच्या फुलांचा मीना

पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर उतरताना उर्वशीच्या कानातलं एक कर्णफूल निसटलं, आणि ती वाकेपर्यंत मागच्या माणसाची चप्पल त्यावर पडलीसुद्धा. तिनं उचलून पाहिलं. सोनं नुसतं दबलं होतं, पण पाकळ्यांमधला हिरवा रंग काचेसारखा फुटून गळून गेला होता.

कर्णफुलं आईची होती. त्या दिवशी सकाळी आईनंच हट्टानं तिच्या कानात घातली होती. "निदान कानात तं रंग असू दे, पोरी," असं म्हणाली होती.

आभाळ दोन दिवसांपासून भरलेलं होतं. डिसेंबरातलं ते राखाडी, ओलसर आभाळ... पडतही नव्हतं, उघडतही नव्हतं. शिक्षकांचं प्रशिक्षण अकराला सुरू होणार होतं. मधल्या अर्ध्या तासात ती सराफ्याच्या गल्लीत शिरली. दोन दुकानदारांनी मान हलवली. तिसऱ्यानं गल्लीच्या टोकाशी असलेल्या एका अरुंद दुकानाकडे बोट दाखवलं.

आत एक तिशीतला माणूस भिंग डोळ्याला लावून बसला होता. शेजारी लहानशी भट्टी, तिचा ऊबदार वास.

"भाऊ, हे होईल का हो दुरुस्त?"

त्यानं कर्णफूल तळहातावर घेतलं, खिडकीकडे धरलं. "जुनं काम आहे. सत्तर-ऐंशी वर्षं तं झालीच असतील. आता असा हिरवा कोणी बनवत नाही. बाजारात मिळते तो नेलपॉलिशसारखा लावतात, भाजतच नाहीत. हा खरा मीना आहे. काच दळून भरतात, मग आगीत टाकतात."

"म्हणजे नाही होणार?"

"होईन. पण या हिरव्याशी जुळणारा हिरवा सापडाले वेळ लागन." त्यानं कागदाची पुडी काढली, पेन उचललं. "नाव सांगा."

"उर्वशी. सौंसरची."

पेन थांबलं. त्यानं मान वर केली आणि तिच्याकडे असं पाहिलं, की तिला पदर सावरावासा वाटला.

"शाळेत आहे न तुम्ही?"

"तुम्हाला कसं माहीत?"

त्यानं नजर पुडीकडे वळवली. "बोटाले... खडू लागून आहे."

तिनं बोटं पाहिली. खरंच अंगठ्याशी पांढरी रेघ होती. तिला हसू आलं, आणि मग आपण हसलो याचाच धक्का बसला. वर्ष होत आलं होतं.

त्याचं नाव हेमराज. वडील रघुनाथराव साधे सोनार होते; हा मात्र जयपूरला पाच वर्षं राहून मीन्याचं काम शिकून आला होता. प्रशिक्षण दर शनिवारी असायचं. त्यामुळे दर शनिवारी ती त्या दुकानात डोकवायची, आणि दर शनिवारी हिरवा रंग जुळलेला नसायचा. कधी फार गडद, कधी भट्टीतून निळसर होऊन आलेला.

"तुम्ही मुद्दाम तं नाही करून राहिले?" तिनं एकदा विचारलं.

"थोडंसं..." तो भिंगामागून म्हणाला. "पण तुम्ही भाऊ म्हणणं सोडलं तं लवकर जुळन बहुतेक."

"मग काय म्हणू?"

"हेमराज म्हणा. नाहीतं काहीच नका म्हणू, नुसत्या बसा. तेवढंही चालते."

ती बसायची. तो पितळी सळईच्या टोकानं ओल्या रंगाचा कण उचलायचा, सोन्यात कोरलेल्या खड्ड्यात अलगद ठेवायचा. त्याचे हात शांत होते. बाहेर ढगाळ दुपार गल्लीतून सरकायची आणि उर्वशीला वाटायचं, इथं कोणी आपल्याला ओळखत नाही, ते किती बरं आहे.

सौंसरमध्ये सगळेच ओळखत होते. रामाकोन्याच्या योगेशशी तिचं लग्न ठरलं होतं. साखरपुडा झाला, पत्रिका छापायला गेल्या, आणि जानेवारीतल्या एका सकाळी तो मोटारसायकलवर पांढुर्ण्याच्या रस्त्याला ट्रकखाली गेला. त्या रस्त्याला तो का निघाला होता, कोणालाच कळलं नाही. घरात फोन आला आणि तो निघाला, एवढंच. फोन उर्वशीचा होता असं त्याची आई शकुबाई धरून बसली. तेराव्याला गेलेल्या उर्वशीला तिनं दारातूनच परत पाठवलं होतं. "तूच बोलावलं माह्या पोराले," असं चारचौघांत म्हणाली होती. त्यानंतर गावात कुजबुज, पांढऱ्या पायाची पोरगी म्हणून. दोन स्थळं आली आणि आल्या पावली गेली.

हे सगळं तिनं हळूहळू, तुकड्यातुकड्यानं हेमराजला सांगितलं. तो ऐकत राहायचा. मान मात्र वर करायचा नाही.

फेब्रुवारीतल्या शेवटच्या प्रशिक्षणाच्या दिवशी कर्णफूल तयार होतं. नवा हिरवा कुठला, जुना कुठला, तिला शोधूनही सापडेना.

"आता यायचं काम संपलं," ती म्हणाली. म्हणाली आणि थांबली — त्यानं काही बोलावं म्हणून.

हेमराज उठला. त्यानं खालचा खण उघडला, एक पुडी काढली आणि तिच्यासमोर ठेवली. पुडीवर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं — उर्वशी मॅडम, सौंसर. हस्ते योगेश, रामाकोना.

"हे दिल्याबिगर मी तुम्हाले मनातलं काही बोललो असतो तं ती चोरी झाली असती," तो म्हणाला.

पुडीत सोन्याचा लहानसा लोलक होता. गर्द हिरव्या मीन्यावर संत्र्याची पाच पांढरी फुलं.

"मागच्या वर्षी त्यांनी सांगितलं होतं बनवाले. म्हणाले, आमच्या मॅडमले संत्र्याचा बहार फार आवडते. लग्नाआधी द्याचं आहे, कोणाले सांगू नका." हेमराजचा आवाज खाली गेला. "त्या सकाळी फोन मीच केला होता. झालं आहे, घेऊन जा म्हणून. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो पाहिला..."

उर्वशीला भट्टीची ऊब एकाएकी सोसेना.

"पहिल्या दिवशीच माहीत होतं तुम्हाला?"

"नाव सांगितलं तेव्हाच."

"आणि मी इथं बसून हसत होते. दर शनिवारी... हे हातभर अंतरावर असताना!"

"त्याच दिवशी देणार होतो. पण तुम्ही हसल्या. मंग वाटलं, पुढच्या शनिवारी... पुढच्या शनिवारी..." त्यानं हात जोडले नाहीत, डोळेही चुकवले नाहीत. "माझा फोन नसता तं ते आज असते. हे मी रोज घेऊन झोपतो."

ती पुडी उचलून निघाली. कर्णफूल तिथंच राहिलं.

आठ दिवस ती शाळा ते घर एवढंच करत राहिली. शाळेत मुलांना गणितं घालायची आणि फळ्याकडे बघत उभी राहायची. राग हेमराजचा होता. पण रागाच्या खाली त्याचीच आठवण होती, आणि त्या आठवणीची तिलाच लाज वाटत होती. शेवटी एका रविवारी ती रामाकोन्याची बस धरून गेली. बागांना बहार आला होता. आभाळ काळवंडलेलं, गारांची भीती. लोक बांधावर उभे राहून वर बघत होते.

शकुबाईनं दार उघडलं. आत ये म्हटलं नाही. उर्वशीनं उंबऱ्याबाहेरूनच पुडी पुढे केली आणि सगळं सांगितलं. फोन कोणाचा होता तेही.

शकुबाईनं लोलक तळहातावर घेतला. अंगठ्यानं एकेक फूल चाचपलं. मग खाली उंबऱ्यावरच बसली.

"शिट्टी वाजवत गेला होता," ती म्हणाली. "फोन ठेवला न आरशात केस पाहिले. मी म्हटलं, कुठं चालला? तं नुसता हसला. वर्षभर मी म्हटलं, तू भांडायले बोलावलं त्याले. अन् तो... हे आणाले चालला होता." तिनं डोळ्यांना पदर लावला. "बस न वं पोरी. उभी काहून आहे?"

दोघी उंबऱ्यावर बसून रडल्या. लोलक कोणी ठेवायचा, हे विचारावं लागलं नाही. शकुबाईनं मूठ मिटली, ती उघडलीच नाही. उर्वशी निघाली तेव्हा शकुबाई मात्र म्हणाली, "ज्यानं बनवलं त्याले सांगजो. माहा पोरगा खुशीत गेला. त्याचा फोन आला म्हणून खुशीत गेला."

दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर उर्वशी पांढुर्ण्याला गेली. हेमराज दुकानात होता, पण भट्टी थंड होती. तिनं शकुबाईचा निरोप तिच्याच शब्दांत सांगितला. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. कर्णफूल तिनं सोडलं होतं तिथंच होतं.

"मी त्याला विसरणार नाही," ती त्याच्या पाठीला म्हणाली. "आणि तुमचा राग पूर्ण गेला असंही नाही. पण... तुमच्याशिवाय शनिवार जात नाही माझा."

तो वळला. तिनंच पुढे होऊन त्याचा हात धरला. बोटांवर भाजल्याचे बारीक डाग होते, जुने आणि नवे.

घरी सांगायचा धीर तिला पुढे दोन महिने झाला नाही. लोक काय म्हणतील, हे तिला पाठ होतं. शकुबाईला तिनं सांगितलं होतं तेवढंच. एकदा बापाला सांगायला म्हणून ती बाहेरच्या खोलीत गेली, आणि पेपर आवरून परत आली.

मग एका दुपारी रामाकोन्याच्या बसमधून शकुबाई सौंसरला उतरली, पायी चालत त्यांच्या घरी आली. उर्वशीचे वडील प्रभाकरराव खुर्चीवरून घाईनं उठले. ही बाई आता काय बोलणार, म्हणून त्यांचा चेहरा उतरला होता.

"बसा, बाबूजी," शकुबाई म्हणाली. "पोरीसाठी स्थळ घेऊन आली मी. पांढुर्ण्याचा आहे, मीन्याचं काम करते. मी सोता जाऊन पाहून आली त्याले. चांगला आहे."

आतल्या दारात उर्वशी उभी होती. शकुबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही, पाण्याचा रिकामा झालेला पेला मात्र तिच्या दिशेनं पुढे केला. "अन् लग्नात माह्या पोराच्या जागी कोणी उभं राहून राहिलं, असं मले म्हणू नका कोणी," ती म्हणाली. "त्याची जागा माह्या घरी आहे. पाणी दे वं आणखी... फार ऊन होतं रस्त्यात."