दार धरणारा माणूस

"आधी मागं वळून बघ. मगच आकडे दाब. आणि दार बंद झालं की एकदा ओढून बघ, रोवेना. रोज. कंटाळा करायचा नाही."

रोवेनाला काम शिकवणाऱ्या मिसेस टॉल्सन निवृत्त होऊन गेल्या त्याला बराच काळ लोटला होता. पण त्यांचा तो घोगरा, मायेचा आवाज लार्च हाउस वृद्धाश्रमाच्या मुख्य दारापाशी अजून उभाच होता. रोवेना रोज तिथं क्षणभर थांबायची, देवापुढं थांबावं तशी. मागं बघायची. मग दाराचं कुलूप उघडणाऱ्या, भिंतीवरच्या पाटीचे आकडे दाबायची. बाहेर पडली की दार ओढून बघायची.

कारण दारापलीकडे रस्ता होता, रस्त्यापलीकडे उतार, आणि उताराच्या टोकाला सँडवेथचा समुद्र. ओहोटीला तो मैलभर मागं सरायचा आणि साधीभोळी वाळू उघडी टाकून द्यायचा. भरतीला मात्र चालत यायचा नाही. धावत यायचा. लार्च हाउसमधल्या म्हाताऱ्यांपैकी निम्म्यांना आज वार कोणता हे सांगता येत नसे. पण पाय? पायांना सगळं आठवत असतं. ते आपल्या जुन्या वाटेनं निघतात.

रोवेनाला त्या दाराची भीती वाटायची. ती कुणाला सांगायची नाही, पण वाटायची.

आणि त्याच दारापाशी तिला तो पहिल्यांदा दिसला.

ऑक्टोबरातली ओली दुपार होती. एक उंच तरुण दाराशी झटत होता. ढकलून बघितलं, ओढून बघितलं, मग अपराधी चेहऱ्यानं इकडंतिकडं बघितलं. चष्म्यावर पाण्याचे थेंब, केस कपाळाला चिकटलेले.

"बाहेर जायचंय का?" रोवेनानं सवयीनं हळूच विचारलं. दाराशी झटणाऱ्या प्रत्येकाला ती तसंच विचारायची.

"हो... म्हणजे, प्रयत्न चाललाय."

"जाऊ या हं. आधी चहा घेऊ या का? आज आल्याची बिस्किटं आहेत."

तो गोंधळला. "नाही हो, मी इथं राहत नाही. मी कौन्सिलचा माणूस आहे."

"असं इथं सगळेच म्हणतात," ती गोड हसून म्हणाली. "काल एक आजोबा राजवाड्यातून आले होते."

त्यानं घाईघाईनं गळ्यातलं ओळखपत्र पुढं केलं. नेथन हॅल्स्टेड. रोवेनाचे कान तापले.

"अगंबाई... म्हणजे शुक्रवारचं पत्र—"

"तुम्ही वाचता ते?" त्याचे डोळे चमकले. "वाचतं कुणी?"

दर शुक्रवारी कौन्सिलकडून, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडून, त्या भागातल्या सगळ्या वृद्धाश्रमांना आणि घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचं करणाऱ्या संस्थांना एक पत्र यायचं. फ्लूची लस कधी, गिळायला त्रास होणाऱ्यांच्या पाण्यात मिसळायची पूड कुलपात का ठेवायची, वीज गेली तर काय करायचं. ते सगळं नेथन लिहायचा.

"वाचते की. शुक्रवारी मासे-बटाटे आणि तुमचं पत्र. मासे जरा बरे असतात."

तो मोकळेपणानं हसला. मग दाराकडं बघून म्हणाला, "उघडता का आता?"

"कसं उघडू? तुम्हीच लिहिलंय ना— 'समोरचा माणूस कितीही सभ्य दिसो, दार कुणासाठीही धरून ठेवू नका.'"

"मी सभ्य दिसतो?"

"ओले दिसता," ती म्हणाली. मागं वळून बघितलं. आकडे दाबले.

मग तो येऊ लागला. एकदा हात कसे धुवायचे त्याचं चित्र भिंतीला लावायला. एकदा ते चित्र सरळ आहे का बघायला.

"चित्र सरळच आहे गं," बेरिल म्हणाली. बेरिल तिथली सगळ्यात जुनी सेविका, जिभेला हाड नसलेली. "वाकडा झालाय तो पोरगा. तुझ्या बाजूला."

"बेरिल, हळू बोल."

"हळू कशाला? मिस्टर ऑगडेनना ऐकू येत नाही, त्यांनासुद्धा कळलंय."

एका शुक्रवारी पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आली— 'आल्याच्या बिस्किटांबाबत कौन्सिलचं अद्याप कोणतंही धोरण ठरलेलं नाही.' साऱ्या जिल्ह्यातल्या लोकांनी ती वाचली असेल आणि डोकं खाजवलं असेल. रोवेनानं मात्र तो कागद घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवला. दिवसभर हात तिथंच जात राहिला.

नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारी सकाळपासून धुकं होतं. व्यवस्थापिका रजेवर, म्हणून सगळं घर रोवेनाच्या हातात. आदल्याच दिवशी मिसेस आयव्ही पेनिंग्टन नावाच्या एक आजी राहायला आल्या होत्या. ताठ, टापटीप, बोलायला लाघवी. कोट काढायलाच तयार नव्हत्या. "राहू दे गं बाळा, मला घरी जायचंय," म्हणत होत्या. नव्यानं आलेलं प्रत्येक माणूस हेच म्हणतं. कुठलं घर, हे रोवेनानं विचारलं नाही. उद्या निवांत विचारू, असं म्हणून राहिलं.

दुपारी नेथन आला. हिवाळ्याची तयारी बघायची होती. बघून झाली, तरी तो जिन्यापाशी घुटमळत राहिला.

"रविवारी... तुम्हाला सुट्टी असते ना?"

"असते की."

"मग चहा... म्हणजे इथला नाही. बाहेरचा. माझ्याबरोबर." त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नाही म्हणालात तरी चालेल. म्हणजे, चालणार नाही, पण—"

"चालेल," ती म्हणाली.

"काय चालेल?"

"रविवार... चालेल."

कुठल्याशा खोलीतली घंटा वाजू लागली. रोवेना दचकली, हसली, आणि धावता धावता म्हणाली, "आकडे ठाऊक आहेत ना आता? या तुम्ही!"

त्या दिवशी ती दारापर्यंत गेली नाही. मागं वळून बघितलं नाही.

चहाच्या वेळी आयव्हीआजींची खुर्ची रिकामी होती.

न्हाणीघरात बघितलं. खोलीत बघितलं. पलंगाखालीसुद्धा वाकून बघितलं. हिरवी टोपी नव्हती, हातमोजे नव्हते, पर्स नव्हती. खिडकीबाहेर धुकं भिंतीसारखं उभं होतं आणि उजेड कलायला लागला होता.

"पोलिसांना फोन कर," बेरिल म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "आज भरती किती वाजता गं?"

उत्तर दोघींनाही माहीत होतं. भरती सुरू झाली होती.

पोलिस निघाले होते, पण धुक्यामुळं गाड्या मुंगीच्या पावलानं येणार. आणखी कुणाला कळवायचं? कौन्सिलला कळवायलाच हवं होतं. तिनं नेथनचा नंबर लावला.

"रोवेना! मी आत्ता तुमचाच—"

"एक आजी बाहेर गेल्या आहेत. कशा गेल्या कळत नाही. दार तर बंद आहे. हिरवी टोपी, हातमोजे, काळी पर्स..."

पलीकडून आवाज येईना.

"नेथन? ऐकताय ना?"

ती शांतता रोवेनाला फार लांब वाटली. तेवढ्यात माणूस काहीही ठरवू शकतो. फोन ठेवू शकतो. 'अरेरे' म्हणून गप्प बसू शकतो. कुणी बघितलं होतं?

"दार मी धरलं," तो म्हणाला.

"काय?"

"मी बाहेर पडत होतो. त्या मागून आल्या. टोपी, हातमोजे... मला वाटलं कुणाला भेटायला आल्या असतील. हसल्या माझ्याकडं बघून. आणि मी... मी दार धरून उभा राहिलो, रोवेना. वाकून 'या' म्हणालो. दार कसं सांभाळायचं ते मी जगाला शिकवतो, आणि—"

"ते राहू द्या! काही बोलल्या का त्या? आठवा."

"बोलल्या. 'बोट वेळेवर आहे का रे?' म्हणून विचारलं. मला वाटलं थट्टा करतायत. मी म्हटलं, असेलच."

पलीकडच्या किनाऱ्याहून येणारी बोट रोवेनाच्या जन्माआधीच बंद झाली होती. धक्का मात्र अजून होता. शेवाळलेला, समुद्रात उतरत जाणारा.

"धक्क्यावर," दोघंही एकदम म्हणाले.

घर बेरिलवर सोपवून ती धावली. उतारावर पाय घसरत होता. पुढचं पाऊल दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं— पाण्याचं सळसळणं. लहानपणी प्रार्थनाघरात म्हटलेली ओळ तिच्या ओठांवर आपोआप आली. पुढचे शब्द आठवेनात. तीच एक ओळ ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. ज्याला ऐकायचं त्याला अर्ध्या प्रार्थनेतूनही कळत असावं.

धक्क्याच्या तोंडाशी गाडीचे दिवे पिवळट लुकलुकत होते. दार सताड उघडं. नेथन आधीच पोचला होता.

आणि खाली, जिथं दगड पाण्यात उतरत होते तिथं, हिरवी टोपी.

पाणी आजींच्या बुटांवरून वाहत होतं. त्या पर्स छातीशी धरून धुक्यात टक लावून बघत होत्या. ओरडावं, तर दचकून त्या पुढंच जायच्या. तिनं आपल्याच तोंडावर हात दाबला.

नेथन खाली उतरत होता. धावला नाही. हात धरून ओढलं नाही. घोट्यापर्यंत पाण्यात, त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. आवाज ऐकून वाटावं, बसच्या थांब्यावर उभा आहे.

"कुणाची वाट बघताय, आजी?"

"विल्फची. माझ्या नवऱ्याची. ह्याच बोटीनं येतो तो. तू कोण रे?"

"मघाशी दार धरलं होतं, तो."

"हां, हां. चांगल्या घरचा दिसतोस." आजी प्रसन्न झाल्या. "तू म्हणालास ना, बोट वेळेवर आहे?"

"चुकलो, आजी. धुक्यात बोट सुटत नाही. आज नाही यायची." त्यानं आपला हात कोपरात वाकवून पुढं केला. "चला, गरम चहा घेऊ. विल्फनी तुम्हाला असं भिजलेलं बघितलं, तर मला रागावतील."

"रागावेल? अरे, तो फेकून देईल तुला पाण्यात!" आजी हसल्या. पण हलल्या नाहीत. पाणी चढत होतं. "मग कधी येईल बोट?"

"रविवारी बघू. मी येईन तुमच्याबरोबर वाट बघायला. इथं वर, बाकावर."

"शब्द?"

"शब्द."

आजींनी त्याच्या कोपरात हात घातला. दोघं एकेक दगड वर चढू लागले, लग्नमंडपातून निघावं तसे सावकाश. शेवटच्या दगडावर रोवेनानं आजींना मिठीत घेतलं, आणि तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.

"अगं, रडतेस काय बाळा?" आजी म्हणाल्या. "बोट चुकली तर माझी चुकली."

गाडीत आजींना शालीत गुंडाळून बसवलं. नेथन बाहेरच उभा होता. निळ्या ओठांचा, बुटांतून पाणी गळणारा.

"मी वर कळवणार आहे," तो म्हणाला. "उद्याच. कुणी धरलं होतं दार, ते."

"मीही कळवणार आहे. दारापर्यंत मी यायला हवं होतं. नाही आले." तिनं डोळे पुसले. "रविवारच्या चहात होते मी... तेव्हाच."

"रोवेना, मघाशी फोनवर मला क्षणभर वाटलं, गप्प बसावं. एवढं एकदा. नोकरी... आणि तू. तुला कळलं असतं, तर तू तोंड बघितलं नसतंस माझं."

'तुम्ही'ची 'तू' कधी झाली, ते त्याला कळलं नव्हतं. तिला कळलं.

"गप्प बसला असतास," ती हळूच म्हणाली, "तर त्या आज..." तिनं त्याचा गार हात दोन्ही हातांत घेतला आणि चोळत राहिली. "तू बोललास. आता मी कुठं जाऊ तुला सोडून?"

शुक्रवारी पत्र आलं. बेरिलनं मोठ्यानं वाचलं. पहिलीच ओळ होती— 'काल एका आश्रमातून बाहेर पडताना एका माणसानं सभ्यपणानं दार धरलं आणि एक आजी समुद्रापर्यंत गेल्या. त्या सुखरूप आहेत. तो माणूस मी होतो. नियम लिहिणाऱ्याकडूनही हे घडतं, म्हणून कृपा करून मागं वळून बघा.'

"स्वतःचाच गळा कापलान गं ह्यानं," बेरिल पुटपुटली. मग नाक पुसून म्हणाली, "असला जावई मला मिळाला असता तर!"

चौकशी पुरी होईपर्यंत कुठल्याही आश्रमाच्या दारात पाऊल ठेवायचं नाही, असं कौन्सिलनं त्याला सांगितलं. पत्रही आता दुसरं कुणी लिहिणार होतं. पुढं काय होईल, नोकरी राहील की जाईल, कुणालाच माहीत नव्हतं.

रविवारी ऊन पडलं. आयव्हीआजी न्याहारीपासून टोपी घालून बसल्या होत्या. वार विसरल्या होत्या, रोवेनाचं नाव विसरल्या होत्या, समुद्रही विसरल्या होत्या. पण दाराकडं बघत होत्या.

"यायचा होता कुणीतरी," त्या कुजबुजल्या. "शब्द दिला होता. नाहीच येणार वाटतं."

रोवेनाला सुट्टी होती. तरी ती आली होती. तिनं आजींच्या कोटाची बटणं लावली, हातमोजे चढवले. पिशवीत चहाचा थर्मास ठेवला, आल्याची बिस्किटं ठेवली. दोन कप ठेवले. मग तिसरा ठेवला.

"त्याला इथं यायची बंदी आहे, आजी," ती म्हणाली. "धक्क्यावर नाही."

दारापाशी ती थांबली. तिनं मागं वळून बघितलं. कुणी नव्हतं. आकडे दाबले. बाहेर पडल्यावर दार एकदा ओढून बघितलं.

मग आजींचा हात आपल्या कोपरात घेऊन ती उताराच्या दिशेनं हळूहळू चालू लागली.