तुटणबिंदूच्या अलीकडे

कलम १. अनुश्रव संस्थेचा एकही ग्राहक तुटणार नाही.

"तुटणार नाही म्हणजे?" डॉ. दुरुगकरांनी चष्मा कपाळावर चढवला. "मी कानाचा माणूस आहे, खापर्डेबाई. आमच्याकडे पडदा फाटतो, हाड झिजतं. ग्राहक तुटतो म्हणजे नेमकं काय होतं?"

बुटीबोरीच्या प्रयोगशाळेत सकाळचे साडेदहा वाजले होते. दुरुगकर चाळीस वर्षं नागपुरात कानाच्या शस्त्रक्रिया करून निवृत्त झाले होते आणि सल्लागार म्हणून अनुश्रवमध्ये येऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. समोरच्या भिंतभर पडद्यावर अकरा हजार ठिपके मुंगीच्या चालीने सरकत होते. एकेक ठिपका म्हणजे एकेक माणूस. प्रत्येकाच्या कानामागे अनुश्रवने बसवलेलं श्रवणबीज होतं, ते बिघडलं होतं, आणि तो दुरुस्तीची वाट पाहत होता.

"तुटतो म्हणजे आपल्याला सोडून जातो," अर्चिता म्हणाली. "माणसं अकरा हजार, तंत्रज्ञ साठ. कोणीतरी थांबणारच. प्रश्न एवढाच की कोणी किती थांबायचं. ते रांगकार ठरवतो."

"हा तुमचा प्रोग्रॅम."

"हो. माणूस बोलतो तेव्हा त्याच्या आवाजात एक बारीक थरथर असते. कानाला कळत नाही, यंत्राला कळते. तिला आम्ही धीरकंप म्हणतो. लाखो संभाषणं ऐकून रांगकार शिकलाय, की अमुक धीरकंपाचा माणूस किती दिवस वाट बघेल आणि कोणत्या दिवशी 'गेलं खड्ड्यात' म्हणून दुसरीकडे जाईल. तो त्याचा तुटणबिंदू. त्याच्या एक दिवस अलीकडे तंत्रज्ञ त्याच्या दारात उभा असतो."

"म्हणजे जो चिडका, त्याचं काम आधी."

"ज्याची नड मोठी, त्याचं आधी. नड आवाजात उतरते हो. अर्जावर सगळेच 'तातडीचे' लिहितात. पूर्वी तर आमदाराची चिठ्ठी घेऊन यायचे. आवाजाला खोटं बोलता येत नाही."

"छान," दुरुगकर म्हणाले. "आमच्या आजोळी असंच होतं. जी सून बोलायची नाही, तिच्याच ताटात रोज शिळी पोळी."

अर्चिता हसली. असल्या टोमण्यांची तिला सवय होती. सासूबाईंबरोबर राहून सव्वीस वर्षं झाली होती तिला.

कलम ४. वशिला चालणार नाही. कर्मचाऱ्याचा नातेवाईक म्हणून कोणालाही रांगेत पुढे घेतलं जाणार नाही. रांगकाराच्या नियमांत कोणताही बदल करायचा असेल, तर आधी नव्वद दिवस चाचणी होईल.

(हे कलमही अर्चितानेच लिहिलं होतं. बैठकीत टाळ्या पडल्या होत्या.)

दिवस पहिला.

कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या. वत्सलाबाई त्याच्या शेजारी उभं राहून कोथिंबीर निवडत होत्या. अर्चिता धावत आली, तिने गॅस बंद केला.

"धावतेस काय अशी?" सासूबाई म्हणाल्या. "आणि कुकर केव्हा लावणार आहेस? बारा वाजून राहिले."

त्यांचा डावा कान तरुणपणीच गेला होता. उजव्यामागे श्रवणबीज होतं आणि ते त्या सकाळी मुकं झालं होतं.

अर्चिताने दुरुगकरांना फोन लावला.

"वय?"

"अठ्ठ्याहत्तर."

"श्रवणबीजाची भाषा मेंदूला शिकावी लागते, खापर्डेबाई. ती कानाची भाषा नव्हे. चाळीस दिवस ती कानी पडली नाही, की मेंदू ती पुसून टाकतो. तरुण माणूस पुन्हा शिकतो. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कोणी शिकलेलं मी पाहिलं नाही. दुसरीकडचं बीज बसवायचं, तर ती भाषाच नवी. तुम्ही रांग लावा. तुमचीच तर आहे."

दिवस दुसरा. संभाषणाची नोंद. (समोरचं बोलणं वत्सलाबाई पडद्यावर वाचत होत्या.)

अनुश्रव: नमस्कार. आपली अडचण सांगा.

ग्राहक: अडचण कसली, बाळा. यंत्र आहे, बंद पडायचंच. तू जेवलास का?

अनुश्रव: आपण किती दिवस वाट पाहू शकाल?

ग्राहक: तुमच्या सवडीनं या हो. उन्हाचे दिवस आहेत, पोरं दमत असतील फिरून फिरून.

रांगेतला क्रमांक: ९,६४०.

याच बाईने तासाभरापूर्वी वरणात मीठ कमी म्हणून वाटी आपटली होती. धोब्यापासून दिवंगत नवऱ्यापर्यंत घरातला प्रत्येक माणूस त्यांच्या तोंडाला घाबरून असे. पण दाराबाहेरच्या माणसापुढे त्यांच्या आवाजात साखर विरघळायची. गॅसवाला आला तर त्याला आधी पाणी मिळे आणि अर्चिताला मागून बोलणी. अनोळखी माणसापुढे आवाज चढवणं त्यांच्या लेखी उघड्या डोक्याने देवळात जाण्यासारखं होतं.

नऊ हजार सहाशे चाळीस. अर्चिताने हिशेब मांडला. क्रमांक यायला चौऱ्याऐंशी दिवस लागणार होते.

दिवस बारावा.

तिने पाटीवर लिहिलं: आई, त्यांच्याशी जरा चिडून बोला.

"कुणाशी? परक्या माणसाशी?" वत्सलाबाईंनी पाटी परत सरकवली. "तुझ्या माहेरी शिकवत असतील तसं."

अर्चिताने मग चाळीस दिवसांचं सगळं लिहून दाखवलं. सासूबाईंनी ते दोनदा वाचलं. पदर सारखा केला, फोन हातात घेतला, आणि खूप विचार करून म्हणाल्या, "मला फार राग आला आहे, बरं का."

क्रमांक ९,७०२ झाला.

दिवस एकोणिसावा, विसावा, एकविसावा: अर्चिताने स्वतः त्यांच्या वतीने बोलून पाहिलं. पण एकोणीस वर्षं तिने ग्राहकांशी बोलणाऱ्या मुलामुलींना आवाज खाली ठेवायला शिकवलं होतं. तो आता चढेचना.

दिवस तेहतिसावा.

कल्पना तिला भाजी चिरताना सुचली. सासूबाई चिडतात त्या फक्त घरच्यांवर. मग यंत्रालाच घरचं केलं तर?

तिने पाटीवर लिहिलं: फोनवरचा तो आवाज परका नाही. तो मी घडवलाय. त्याला बोलायला मी शिकवलंय. तो माझाच आहे.

वत्सलाबाई पाटीकडे पाहत राहिल्या. "तुझा? म्हणजे इतके दिवस मी ज्याला जेवलास का विचारून राहिले, ती तू?"

अर्चिताने मान हलवली.

मग जे झालं ते शेजारच्या गच्चीपर्यंत ऐकू गेलं. "अगं भवाने! घरात पाय ठेवल्यापासून एक काम वेळेत केलं नाहीस, आणि आता परक्याचा आवाज काढून सासूलाच विचारतेस, किती दिवस वाट पाहाल म्हणून? सव्वीस वर्षं वाट पाहूनच राहिले की मी! साधी भाकरी थापता येत नाही आणि निघाली यंत्रं थापायला! माणूस धाड आत्ताच्या आत्ता, नाहीतर पुन्हा या घरात तोंड दाखवू नकोस!"

त्यांनी फोन पलंगावर फेकला आणि पाणी मागितलं. अर्चिता आनंदाने जवळजवळ नाचलीच. एवढा धीरकंप तिने आयुष्यात पाहिला नव्हता.

क्रमांक: १०,९८८.

त्या दिवशी रांगेत एकूण माणसं होती दहा हजार नऊशे एक्क्याण्णव.

"यंत्र बिघडलंय तुमचं," दुरुगकर म्हणाले.

"नाही." अर्चिता सकाळपासून पडद्यासमोर बसून होती. "बिघडलेलं नाही. मीच चुकीचं समजत होते. रांगकार राग मोजत नाही, डॉक्टरसाहेब. तो जाणं मोजतो. मी त्याला तेवढंच काम दिलं होतं, कोणी जाऊ नये. चार वर्षांत तो एक गोष्ट शिकला. अशी बोलणारी माणसं जात नाहीत. हक्काने शिव्या घालणारा माणूस नातं धरून बसलेला असतो. तो थांबतो. कितीही."

"म्हणून त्याला थांबवतो."

"तळातली तीन हजार माणसं बघा. एक तर फार सोशिक, नाहीतर आपल्यावर फार विश्वास असलेली. नड सगळ्यांना आहे. जायचं मात्र कोणाच्याच मनात नाही."

दुरुगकर आता टोमणा मारत नव्हते. "आणि जे खरंच जायला निघतात, ते कसे बोलतात?"

तिने पाच आवाज लावले. एक बाई म्हणत होती, "ठीक आहे, धन्यवाद." एक म्हातारा म्हणाला, "राहू द्या." पाचही आवाज शांत होते, सभ्य होते. त्यांत थरथर नव्हतीच.

कलम ९. कर्मचाऱ्यांच्या विनंत्या आणि तक्रारींनाही हेच धोरण लागू राहील.

दिवस चौतिसावा. तिने अर्ज दिला: ग्राहकाची वैद्यकीय मुदत रांगकाराच्या हिशेबात धरावी, आणि नव्वद दिवसांची अट या एका बदलापुरती शिथिल करावी. ओळखीचा आवाज म्हणाला, "आपली विनंती नोंदवली आहे. आपण किती दिवस वाट पाहू शकाल?" एकोणीस वर्षं नोकरीत, एकही तक्रार नाही. कर्मचाऱ्यांच्या रांगेत तिचा क्रमांक शेवटून दुसरा आला.

ती चार दिवस थांबली.

दिवस एकोणचाळिसावा.

घर शांत होतं. अर्चिताच्या हातून दुधाचं पातेलं ओट्यावर उतू गेलं. जळका वास स्वयंपाकघरभर झाला. वत्सलाबाई समोर खुर्चीवर होत्या. त्यांनी पाहिलं आणि मान खिडकीकडे वळवली.

अर्चिताने पाटी घेतली: आई, बोला ना काहीतरी.

"काय बोलू?" त्या म्हणाल्या. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे त्या हल्ली फार हळू बोलत. "तू उलटून काय बोलतेस, तेच ऐकायला येत नाही. मग मजा काय त्यात?"

अर्चिताने ओटा पुसला. फडकं पिळून दोरीवर टाकलं. मग फोन उचलून कर्मचाऱ्यांचा क्रमांक लावला.

"मी अर्चिता खापर्डे," ती म्हणाली. "उद्यापासून येणार नाही. धन्यवाद."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की हे तिने ठरवून केलेलं नव्हतं. कोणाला दाखवण्यासाठीही नाही. ती खरोखरच जाणार होती. त्या तीन हजार माणसांची यादी वर्तमानपत्राला द्यायची, ग्राहक न्यायालयात स्वतः उभं राहायचं, हे सगळं तिच्यासमोर लख्ख मांडलेलं होतं, आणि तिला राग अजिबात येत नव्हता.

बावीस मिनिटांनी दाराची घंटी वाजली.

"अनुश्रवमधून आले, मॅडम," दारातली मुलगी म्हणाली. खांद्याला अवजारांची पिशवी होती, छातीवर नाव होतं शबाना शेख. "वर्ध्याच्या रस्त्याला लागले होते. मधूनच वळवलं मला. पेशंट कुठे आहेत?"

अर्चिताला सगळं समजलं. वशिला लागला नव्हता, कलम चार शाबूत होतं. रांगकाराने फक्त तिचा तुटणबिंदू शोधला होता आणि तिला थांबवायला कमीत कमी काय लागेल ते काढलं होतं. नियमातला बदल नव्हे. तीन हजार माणसं नव्हेत. एक कान.

"मी तुला आत घेणार नाही," असं म्हणावं, असं तिच्या मनात आलं. पण आज एकोणचाळिसावा दिवस होता. ती दारातून बाजूला झाली.

केसाहून बारीक एक तार सुटली होती. काम अकरा मिनिटांचं निघालं.

वत्सलाबाईंनी डोळे मिटले, उघडले. छताकडे पाहिलं. "हा पंखा एवढा करकरून राहिला," त्या हळूच म्हणाल्या, आणि मग आवाज आपोआप चढला, "आणि तुला दीड महिन्यात त्यात दोन थेंब तेल घालायला झालं नाही? आणि हे दूध कुणी जाळलं?"

"मी जाळलं," अर्चिता म्हणाली. "तुम्ही बसला होतात की समोर, सांगायचं नाही का?"

"बघा!" सासूबाई शबानाला आनंदाने म्हणाल्या. "बघितलंस ना, बाळा, कशी बोलते ती?"

अर्चिता डोळे पुसत हसत होती. हसता हसताच तिने मघाची ती शांतता मनात चाचपून पाहिली. तीन हजार माणसं आठवत होती, यादी कुठे आहे तेही आठवत होतं. वर्तमानपत्राला फोन करायचाच. आज नको, आज आईंचा दिवस आहे. सोमवारी. शिवाय बाहेर राहून काय होणार? आत राहूनच बदलता येईल. नव्वद दिवसांची चाचणी तर नव्वद दिवसांची.

हे सगळं किती रास्त वाटतंय, असं वाटून ती क्षणभर थबकली.

"मॅडम," शबानाने हातातला पडदा पुढे केला, "इथे तुमच्या राजीनाम्याचं काहीतरी आलंय. 'मागे घेतला' असं आधीच भरलेलं आहे. फक्त तुमचा होकार हवा म्हणतंय."

अर्चिताने तोंड उघडलं. वर्ध्याला कोण वाट पाहत होतं, ते तिला विचारायचं होतं.

"अगं, त्या पोरीला चहा तरी विचार!" वत्सलाबाई मागून ओरडल्या. "उन्हातून आली ती!"

"थांब हं, शबाना," अर्चिता म्हणाली. "आधी चहा टाकते."

तिने आधण ठेवलं, आलं किसलं. साखर किती, असं विचारायला ती वळली, तेव्हा शबाना पडदा पिशवीत ठेवून चेन लावत होती.

"अगं, ते होकाराचं राहिलं ना?"

"झालं, मॅडम," शबाना म्हणाली. "तुमच्या आवाजावरूनच घेतला त्यानं."