सायीच्या मिशा

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की दुकानासमोरचा दिव्याचा खांबसुद्धा दिसत नव्हता. दाराची घंटी वाजली आणि एक माणूस आत आला. कोपऱ्यात चहाचं पातेलं उकळत होतं. बाहेरच्या गारठ्यातून त्या उबेत येताच त्याच्या चष्म्याच्या काचा पांढऱ्याफटक झाल्या. डोळे नाहीतच जणू. आणि त्याच्या कोटाच्या दोन गुंड्यांमधून आणखी एक डोकं बाहेर बघत होतं... काळं, ओल्या नाकाचं, कुत्र्याच्या पिल्लाचं.

काउंटरमागची मुलगी दचकली. हातातला सुरा तिनं पटकन खाली ठेवला. मटणाचं दुकान तिच्या मामांचं होतं, पण कापाकापी सगळी तिची. गल्लीत तिला खिमेवालीच म्हणत.

"दोघांपैकी गिऱ्हाईक कोण?" तिनं विचारलं.

"हा." माणसानं कोटातल्या डोक्याकडे बोट केलं.

"मग त्यालाच बोलू दे."

माणूस हसला नाही, पण हसू येता येता थांबलं, एवढं तिला दिसलं. त्यानं चष्मा काढून पुसला, तेव्हा तिनं त्याला ओळखलं. कोपऱ्यावरचा चष्मेवाला. हिवाळा सुरू होताना त्याची बायको गेली होती. तेव्हापासून तो आपल्या दुकानाबाहेर फारसा कुणाला दिसला नव्हता.

"याचं पोट बिघडलंय," तो म्हणाला. "पाकिटातल्या कोरड्या दाण्यांनी अंगाला खाज सुटायची. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हळूहळू कच्च्या मांसावर आणा. म्हणून दिलं... तर आता सारखा अंगणात पळतोय."

"काय काय दिलंत? खरं सांगा."

"चिकन. काळीज. थोडी चरबी." त्यानं मान खाली घातली. "भुकेला होता हो."

"पहिल्याच दिवशी मेजवानी! तुम्हाला कुणी असं वाढलं असतं, तर तुम्हीही अंगणातच असता."

आतून मामांचा खोकला ऐकू आला. खोकला कसला, हसूच ते.

खिमेवालीनं चिकनची कातडी ओढून काढली, चरबी खरवडली आणि खिमा करता करता बजावत गेली. एकच मांस द्यायचं. नेहमीच्या खाण्यात बोटभर मिसळायचं, आणि पोटानं मानलं तरच वाढवायचं. काळीज आत्ता विसरायचं, हाडाचं तर नाव नको. वरून चमचाभर उकडलेला लाल भोपळा, मिठाशिवाय. भांडं दर वेळी कढत पाण्यानं धुवायचं.

"आणि दूध अजिबात नाही," ती म्हणाली.

"दूध नाही," तो घाईनं म्हणाला आणि बाहेर धुक्याकडे बघू लागला.

"रक्त दिसलं, उलट्या झाल्या किंवा मलूल पडला, तर माझ्याकडे यायचं नाही. थेट डॉक्टरीणबाईंकडे."

"आणि बरा झाला तर?"

"तर..." तिनं पुडी पुढे केली. "तर सांगायला या."

तो रोज येऊ लागला. पिल्लाला नाव नव्हतं. तिनं ठेवलं, भोपळ्या. सकाळी घंटी वाजली की तिचा हात आपोआप केसांकडे जाई, मग आठवे, की हाताला खिमा आहे.

"मूठभर खिम्याला एवढा वेळ?" मामा आतून म्हणत. "बैल कापतेस की काय, पोरी?"

"मामा, बारीक करायला लागतो!"

"हो हो. गिऱ्हाईकही बारीकच आहे."

चष्मेवाल्याचे कान लाल व्हायचे. एकदा त्यानं तिचं सुऱ्याकडे वाकून बघणं पाहिलं आणि काही न विचारता तिच्या डोळ्यांसमोर एक भिंग धरलं. "आता?" त्यानं विचारलं. भिंगातून तिला त्याची बोटं दिसली. काचा घासून घासून गुळगुळीत झालेली...

"आता जास्तच दिसतंय," ती म्हणाली, आणि दोघांनीही दुसरीकडे पाहिलं.

पण भोपळ्या काही सुधारेना. सगळं सांगितल्याप्रमाणे चाललं होतं, तरी फासळ्या हाताला लागू लागल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. जंत नाहीत, जंतू नाहीत. त्या म्हणाल्या, याच्या पोटात आणखी काहीतरी जातंय, ते शोधा. लहान जीव आहे, फार दिवस तग धरणार नाही.

"काय जातंय?" खिमेवालीनं विचारलं.

"मी तर काहीच देत नाही." तो काउंटरवर वाकला. त्याचा आवाज अगदी खाली गेला. "पण... घरात कुणीतरी येतं."

तिच्या हातावर काटा आला.

मग त्यानं सांगितलं. त्याची बायको रोज संध्याकाळी मागच्या खोलीतल्या खुर्चीत बसून कपभर दूध प्यायची. ती गेल्यावरही तो दूध ठेवत राहिला. खुर्चीशेजारच्या बुटक्या स्टुलावर, तिच्याच कपात. सकाळी त्यावर साय धरलेली असे, ते तो ओतून देई. अर्धा हिवाळा असाच गेला. हे पिल्लू तिनंच मागून ठेवलं होतं, ते जन्मायच्याही आधी. घरी आलं, तेव्हा ती नव्हती.

"याचं पोट बिघडलं, तेव्हापासून कप रिकामा असतो," तो म्हणाला. "धुतल्यासारखा स्वच्छ. याला बरं नाही ना... म्हणून येते ती."

त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. त्यामुळेच तिला जास्त भीती वाटली.

"मी बघायला येऊ?" ती बोलून गेली.

संध्याकाळी ती गेली, तेव्हा धुकं पुन्हा उतरलं होतं. त्याच्या दुकानात भिंतभर चष्म्यांच्या रिकाम्या फ्रेमी टांगल्या होत्या. आत चेहरे नाहीत, तरी सगळ्या दाराकडे बघताहेत. त्यांच्यामधून जाताना तिनं नकळत पदराशी चाळा केला, मग लक्षात आलं, की खांद्यावर दुकानातला ॲप्रनच राहिलाय.

मागची खोली लख्ख झाडलेली होती. खुर्चीच्या पाठीवर शाल. खाली सपाता, जोडीनं, आत्ताच कुणी काढून ठेवल्यासारख्या. स्टुलावर निळ्या काठाचा कप, दुधानं भरलेला. आणि खुर्चीसमोर भोपळ्या बसला होता. रिकाम्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा चेहरा जिथं असेल, नेमका तिथं बघत. शेपूट हलत होतं.

"बघितलंत?" चष्मेवाला कुजबुजला.

तिनं मान हलवली.

इतक्यात पुढच्या दुकानात गिऱ्हाईक आलं आणि तो गेला. ती भोपळा उकडला का बघायला स्वयंपाकघरात वळली. मागून आवाज आला. लप... लप... लप. कुणीतरी सावकाश पीत होतं. तिचे पाय जमिनीला खिळले. तरी तिनं भिंत धरून डोकावलं.

भोपळ्या स्टुलावर पुढचे पाय ठेवून उभा होता. कप तळापर्यंत चाटून झाला होता. त्यानं वळून पाहिलं, तर काळ्या तोंडावर पांढऱ्याशुभ्र मिशा. साय!

सगळं तिच्या ध्यानात आलं. चष्मेवाल्यानंच एकदा सांगितलं होतं, आधी पिल्लू स्वयंपाकघरात बंद असायचं. जास्तीच्या मांसानं पोट बिघडलं, अंगणात जाता यावं म्हणून त्यानं दारं उघडी ठेवली. पिल्लाला दूध सापडलं. आणि दुधानं पोट बिघडतच राहिलं.

पावलं वाजली. चष्मेवाला दारात आला. "आली होती?" त्यानं विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर असा उजेड होता, की तो विझवणं तिच्यानं झालं नाही. तिनं भोपळ्याला उचललं आणि बाहीनं पटकन त्याच्या मिशा पुसल्या.

"कप... रिकामा आहे," ती म्हणाली.

रस्ताभर ती स्वतःला समजावत राहिली. उद्या सांगू. सावकाश सांगू.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच धावत आला. कोटातलं डोकं बाहेर बघत नव्हतं. खिमेवालीनं भोपळ्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. हिरड्या चिकट, कोरड्या. अंगात पाणीच उरलं नव्हतं.

"चला," ती म्हणाली आणि ॲप्रनसकट पळत सुटली.

दवाखान्यात भोपळ्याला सलाईन लावलं. दोघं बाहेर बाकावर बसले. आतून कण्हल्यासारखा एक बारीक आवाज आला.

"दूध भोपळ्या पितो," ती म्हणाली. "काल मी पाहिलं. त्याच्या मिशांना साय होती. मी ती पुसली."

तो तिच्याकडे वळला.

"का?"

"तुमचा चेहरा बघून."

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. काचा स्वच्छच होत्या. "तुम्ही घरी जा," तो म्हणाला.

भोपळ्या वाचला, हे तिला डॉक्टरीणबाईंकडून कळलं. पण घंटी वाजायची ती दुसऱ्याच कुणाच्या येण्यानं. ती रोज सकाळी थोडं चिकन, कातडी काढून, बाजूला ठेवायची.

"हे कुणासाठी गं?" मामांनी एकदा विचारलं.

"कुणासाठी नाही."

"मग त्या कुणासाठी-नाहीला निरोप धाडू का?" ते म्हणाले, पण या वेळी हसले नाहीत. चहाचा पेला तिच्याजवळ ठेवून आत गेले.

मग एका सकाळी घंटी वाजली. पांढऱ्या काचांचा चष्मा दारात उभा, आणि कोटातून काळं डोकं बाहेर... या वेळी पंजेही.

"घट्ट झाली," चष्मेवाला म्हणाला.

"काय?"

"म्हणजे... याची. काल पहिल्यांदा. छान, घट्ट." तो गोरामोरा झाला. "एवढी आनंदाची बातमी कुणाला सांगावी, सुचेना. तुम्हीच म्हणाला होतात, सांगायला या."

आतून मामांना ठसका लागला. ती हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते पाणी सगळंच हसण्याचं नव्हतं.

"दार लावून दूध ठेवलं मी," तो हळूच म्हणाला. "सकाळी साय धरली होती."

"वाईट वाटलं?"

"फार." तो म्हणाला, "कप धुऊन कपाटात ठेवला. तुमच्यावर रागावलो नव्हतो मी. मिशा... मीही पाहिल्या होत्या. कप रिकामा झाला, त्या पहिल्याच दिवशी. पुसल्या, आणि स्वतःलाच सांगितलं, की पाणी आहे. तुम्ही एकदा पुसल्यात आणि सांगून टाकलंत. मला ते जमलं नाही."

तिनं काउंटरवरून हात पुढे केला. हाताला खिमा होता. तरी त्यानं तो धरला.

त्या संध्याकाळी ती भोपळा घेऊन त्याच्या घरी गेली. रिकाम्या फ्रेमी बघत होत्या, बघू देत. मागच्या खोलीत स्टूल नव्हतं. कप नव्हता. शाल आणि सपाता तेवढ्या होत्या.

भोपळ्या तिच्या पायांमधून पुढे पळाला आणि खुर्चीसमोर जाऊन बसला. मान वर केली. तिथंच बघितलं, नेमकं तिथंच. शेपूट हलू लागलं.

दोघंही उंबऱ्यात थबकले.

"आज तर दूध नाहीये..." चष्मेवाला पुटपुटला.

खिडक्या बंद होत्या. शालीची किनार किंचित हलली, की तसं वाटलं, कुणास ठाऊक. खिमेवालीच्या मानेवरचे केस उभे राहिले. पळून जावंसं वाटलं. पण तिनं सपातांना वळसा घातला आणि भिंतीशी, जमिनीवर टेकली.

"ताई," ती खुर्चीकडे बघून म्हणाली. आवाज कापत होता. "मी इथं खाली बसते. चालेल ना?"

भोपळ्यानं खुर्चीकडे पाहिलं. मग त्याची मान सावकाश वळत गेली, खुर्चीपासून दारापर्यंत, जणू कुणाला जाताना बघतोय. दारात उभा असलेला चष्मेवाला, कारण कळायच्या आत, बाजूला सरला. वाट दिली.

मग पिल्लू उठलं, एक जांभई दिली आणि खिमेवालीच्या पायांवर येऊन पसरलं. पोट गच्च, गरम.

चष्मेवाला आत आला. तिच्या शेजारी बसला, जरा अंतर ठेवून. मग ते अंतरही राहिलं नाही.

"तू... थांबशील?" त्यानं विचारलं. तुम्हीचं तू कधी झालं, त्याचं त्यालाही कळलं नाही.

"हा उठला की बघू," ती म्हणाली, पायांवरच्या काळ्या डोक्यावर हात ठेवत.

आणि भोपळ्या काही लवकर उठला नाही.