उलट्या वळणाचा परवाना

स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की गाडी उजवीकडे जाते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मग मागे घेताना ट्रेलर डावीकडे का पळतो?

शाल्मलीला हा प्रश्न पडला तेव्हा तिचा ट्रेलर हवाकोठीच्या (चंद्रावरच्या वस्तीत शिरण्याआधी जिथे हवा भरून घेतात त्या खोलीच्या) दाराशी तिरका अडकला होता आणि हेल्मेटमधल्या रेडिओवर अर्धी वस्ती एकदम बोलत होती.

"येऊ दे, येऊ दे. अगं, उजवीकडे मार."

"उजवीकडे काय, डावीकडे."

"बास, बास. घातलीस ना दारात."

चंद्रावर राहायला आल्यावरही माणसांची ही सवय काही सुटली नव्हती. कुणी गाडी मागे घेताना दिसलं की हातातलं काम टाकून मागे उभं राहायचं आणि सूचना द्यायच्या. स्वतःला येतं का, हा प्रश्न गौण.

"उमेदवार नापास. दुसऱ्यांदा," दगडू म्हणाला. दगडू हा यंत्रमानव मुळात दगड वेचायला बनवलेला, म्हणून त्याचं हे नाव. हल्ली तो परवान्याच्या परीक्षाही घ्यायचा.

शाल्मलीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण रागाचं. तिची रेणूआत्या बर्फाचा अभ्यास करायची. पलीकडे कायम सावलीत असलेल्या विवरात चाकांवरचं घर, म्हणजे हाच ट्रेलर, ओढत न्यायचं, तिथे राहून बर्फ तपासायचा, असा आत्याचा बेत होता. नियम असा, की लांबच्या फेरीला ट्रेलर ओढण्याचा परवाना असलेली दोन माणसं हवीत. आत्याचा जोडीदार पृथ्वीवर परतला होता. शाल्मली पास झाली नाही, तर बेत रद्द.

वस्तीप्रमुख पेंढारकर काका समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं, कशाला जिवाला त्रास? आपोआप मागे घेणारं यंत्र आहे की आपल्याकडे."

"काका, ते यंत्र इथल्या खुणेच्या दिव्यांवर चालतं. विवरात दिवे लावायला कोण आधी गेलंय?"

काकांनी विषय बदलला. शाल्मलीने मोर्चा दगडूकडे वळवला.

"आणि वेगळा परवाना हवाच कशाला? माझ्याकडे गाडीचा आहे. इथे सगळ्याचं वजन सहापट कमी. ट्रेलर म्हणजे कापूस."

"वजन कमी, वस्तुमान (वस्तूत द्रव्य किती आहे ते) तेवढंच," दगडू म्हणाला. "धावता ट्रेलर थांबवायला जोर पृथ्वीवर लागतो तेवढाच लागतो. उलट वजन कमी म्हणून चाकांची पकड कमी. म्हणजे ब्रेक दाबल्यावर गाडी जास्त लांब जाऊन थांबते. मागून ट्रेलर ढकलत असतो, ते वेगळंच."

शाल्मलीला हे पटलं होतं, आणि पटलं याचाच तिला जास्त राग आला होता.

"बरं. मग तो उलटा का पळतो, ते सांग. का परीक्षकाने सांगायचं नसतं?"

"परीक्षा संपली आहे. विचारायला हरकत नाही." दगडूच्या मागे दगडांचा छोटा गाडा जोडलेला असायचा. तो त्याने तिच्यासमोर आणला. "माझ्या आणि गाड्याच्या मध्ये काय आहे?"

"आकडा."

"मी मागे येताना माझी पाठ उजवीकडे नेतो. आकडा कुठे जाईल?"

"उजवीकडे."

"म्हणजे गाड्याचं पुढचं टोक उजवीकडे ढकललं गेलं. गाडा त्याच्या चाकांवर फिरतो. मग शेपूट?"

शाल्मलीने हात आडवा धरून फिरवून पाहिला. बोटं उजवीकडे, कोपर डावीकडे. "डावीकडे. अरे, हा तर सी-सॉ आहे, फक्त आडवा पडलेला."

"आता स्टिअरिंग खालून धरा. खालचा हात डावीकडे नेला, तर चाक कुठे फिरतं?"

"उजवीकडे." ती थबकली. "म्हणजे ट्रेलर डावीकडे. म्हणजे हात नेईन तिकडे ट्रेलर."

"पण एकदा वळला की तो वळतच राहतो. लगेच उलट फिरवून त्याच्या मागोमाग जायचं. नाहीतर घडी पडते (गाडी आणि ट्रेलर दुमडून एकमेकांवर आपटतात). आखूड ट्रेलरची तर फारच लवकर."

तिसऱ्या परीक्षेला गर्दी वाढली होती. "येऊ दे" सुरू होण्याआधीच शाल्मली रेडिओवर म्हणाली, "सगळ्यांनी ऐका. मागे मी घेणार आहे, तुम्ही नाही. दगडू सोडून कुणाचाही आवाज नकोय मला."

"पोरगी शेफारलीये," कुणीतरी पुटपुटलं.

"हो," शाल्मली म्हणाली, आणि तिने दगडू सोडून सगळ्यांचे आवाज बंद केले.

हात खाली. हळू. ट्रेलर वळला, ती त्याच्या मागोमाग गेली. निम्म्यात आल्यावर मात्र तो जरा जास्तच तिरका झाला. आरशात लोक डोकी हलवताना दिसले. वस्तीत एक समज पक्का होता: गाडी परत पुढे घेतली, की हरलात. म्हणून सगळे दातओठ खात मागेच रेटायचे आणि दारावर आपटायचे. ती स्वतःही दोनदा तशीच आपटली होती.

तिने ब्रेक दाबला. "दगडू, पुढे घेऊन सरळ केली तर नापास, असं नियमात आहे?"

"नाही. पुढे घेण्यावर बंदी नाही. आपटण्यावर आहे. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं."

बाहेर पेंढारकर काका दोन्ही हातांनी 'नको, नको' करत होते. शाल्मलीने त्यांच्याकडे बघत गाडी खुशाल पुढे घेतली, अगदी ऐटीत, ट्रेलर सुतासारखा सरळ केला आणि पुन्हा मागे निघाली. चाकांवरचं घर हवाकोठीत असं शिरलं, की दाराच्या कडेला धूळही लागली नाही.

"पास," दगडू म्हणाला. शाल्मलीने सगळ्यांचे आवाज पुन्हा सुरू केले.

रेणूआत्या धावत आली आणि थेट सामान भरायला लागली. पेंढारकर काका घसा खाकरून म्हणाले, "ते स्टिअरिंग खालून धरायचं दगडू काय म्हणत होता? जरा दाखव."

शाल्मलीने दाखवलं. मग ती दगडूकडे वळली. "आमच्या विवरातून खूप बर्फ आणायचा झाला, तर एका मागे एक दोन ट्रेलर लागतील. दोन आकडे. त्याचा परवाना?"

"तो कुणी मागितलेला नाही. त्याचे नियम लिहिलेलेच नाहीत."

"मग आम्ही परत येईपर्यंत लिहून ठेव," शाल्मली म्हणाली आणि गाडीत चढली.