डावा हातमोजा

ड्रेस्डेनहून आलेली गाडी फ्रायबर्गला पाच मिनिटं उशिरा पोचली, तेव्हा लोथार वाइगेल्टला तेवढंच बरं वाटलं. जिथे जायची धास्ती आहे तिथे पाच मिनिटं उशिरा पोचणं ही काही सुटका नव्हे. पण ज्याचं आयुष्य रोस्टॉकच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करण्यात गेलं, अशा भिडस्त माणसाला तेवढीही पुरते.

चोवीस डिसेंबर, दुपारचे सव्वातीन. बर्फाचा पत्ता नव्हता. पाऊस भुरभुरत होता, स्टेशनच्या फलकावर तापमान सात अंश दाखवत होतं. दुकानं दोनलाच बंद झाली होती. वरच्या चौकातला नाताळचा बाजार मोडून फळ्या एकावर एक रचल्या होत्या, आणि ओल्या फरसबंदीवर भाजलेल्या बदामांचा शिळा वास रेंगाळत होता. लोथारच्या हातात धुरी दिलेल्या माशांचं पुडकं होतं आणि कोटाच्या आतल्या खिशात एक कागद. त्यावर चार वाक्यं. तोंडी सांगायला गेलो तर अडखळू, हे ठाऊक असल्यामुळे त्याने ती लिहून काढली होती आणि गाडीत तीनदा दुरुस्त केली होती. ती अडतीस वर्षांपूर्वीच बोलायला हवी होती.

पेत्री चर्चच्या मागे उतरत जाणाऱ्या गल्लीत त्याच्या जुन्या स्नेह्यांचं, काल्टोफेन नवराबायकोचं घर. तळमजला, खिडक्या थेट रस्त्यावर. या मुलखात नाताळला खिडकीत लाकडी बाहुल्या ठेवतात. घरात जितके मुलगे तितके खाणकामगार, जितक्या मुली तितक्या देवदूती, आणि प्रत्येकीच्या दोन्ही हातांत मेणबत्ती. रस्त्याने जाणाऱ्याला उंबरा न ओलांडता कळतं, आत किती लेकरं आहेत. काल्टोफेनांच्या खिडकीत एकच देवदूती होती. तिच्या दोन्ही मेणबत्त्या जळत होत्या.

लोथार थबकला. बरं झालं, त्याने मनाशी म्हटलं. पुन्हा लावायला लागली ही माणसं.

दार रोझविथाने उघडलं. पाठीतून वाकली होती, पण डोळे तेच. तिने त्याच्या ओल्या कोटासकट त्याला जवळ घेतलं आणि सुकलास म्हणाली. आतून एबरहार्टचा आवाज आला.

“कोण, पुस्तकी किडा का? पाय पुसून ये म्हणावं. मागच्या खेपेला सगळा बर्फ घरात आणलान त्याने.”

मागची खेप म्हणजे अडतीस वर्षांपूर्वीची. रोझविथाने पत्रात कळवलं होतंच: एबरहार्टची आठवण दोन वर्षांपासून विरत चालली आहे, मधलं सगळं जातं आहे आणि फार जुनं तेवढं उरलं आहे. लोथारने पाय पुसले. मग बैठकीत जाऊन तो खिडकीशी उभा राहिला. देवदूतीच्या हातातल्या मेणबत्त्या कोऱ्या होत्या, वाती पांढऱ्याशुभ्र. त्याने बोट लावून पाहिलं. गार. समोरच्या घरातल्या दिव्यांचं प्रतिबिंब पाहिलं असणार आपण, असं त्याने ठरवलं. समोरचं घर अंधारात होतं, हेही त्याच्या ध्यानात आलं. लेखकाचा पत्ता न लागणारं पुस्तक तो जसं बाजूला काढून ठेवी, तसं त्याने ते बाजूला ठेवलं.

टेबल मांडून तयार होतं. पांढऱ्या कापडाखाली रिवाजाप्रमाणे मूठभर वाळलं गवत, मध्ये पाव आणि मीठ. ताटं चार. चौथं वाटेने येणाऱ्या परक्यासाठी. इथल्या जुन्या घरांतून ते अजून मांडतात. त्या ताटाशेजारी लोकरीचा लाल हातमोजा ठेवला होता. चार बोटांची एकच पिशवी आणि अंगठा वेगळा, पाठीवर पांढरी चांदणी विणलेली. चांदणी वर, अंगठा उजवीकडे. डाव्या हाताचा.

लोथारने तो ओळखला. सिल्केचा. उजवा तिच्याबरोबर गेला होता.

सिल्के त्यांची एकुलती एक, सतरा वर्षांची. अडतीस वर्षांपूर्वीच्या त्या नाताळच्या संध्याकाळी मैत्रिणीकडे जाण्यावरून बापाशी तिचं वाजलं. सहाच्या घंटेआधी घरात हवीस, नाहीतर ताटावर तुझी वाट बघणार नाही, असं एबरहार्ट म्हणाला. ती रागाने निघाली ती किल्ली न घेता, आणि शेगडीवर वाळत घातलेला एक हातमोजाही न घेता. सहाची घंटा झाली. नाताळच्या जेवणात इथे नऊ पदार्थ असतात आणि नववा संपेपर्यंत कोणी जागचं उठायचं नसतं. उठेल तो पुढच्या नाताळला नसतो, असं म्हणतात. सातव्या पदार्थाला खिडकीच्या काचेवर टकटक झाली. रोझविथा अर्धी उठली होती. तेव्हा लोथारने, जो कधी कोणाची थट्टा करत नसे, तिचं मनगट धरून हसत म्हटलं होतं, “बस. अजून दोन राहिलेत. पुढच्या नाताळला हवी आहेस तू आम्हाला.” सगळे हसले होते. गाणी म्हणत फिरणारी पोरं असतील, असंच सगळ्यांना वाटलं.

जेवण आटोपून एबरहार्टने दार उघडलं तर पावलं खिडकीपर्यंत आली होती आणि परत फिरून तळ्याच्या दिशेने नव्या बर्फात दिसेनाशी झाली होती. सकाळी ती तळ्याकाठच्या बाकावर सापडली, बसलेली. रात्रभर उणे चौदा होतं.

लोथारने स्वयंपाकघरात जाऊन कागद बाहेर काढला. रोझविथा मसूर ढवळत होती.

“रोझविथा, त्या दिवशी मी तुझं—”

“मनगट धरलंस. मला ठाऊक नाही होय? मनगट माझंच होतं.”

कागद त्याच्या हातात तसाच राहिला. तिने पळी धुतली, पुसली, टांगली. मग भाताला पाणी किती घालायचं हे सांगावं तितक्या सहज तिने सांगितलं, की सिल्के दर वर्षी येते. सातव्या पदार्थाला. काचेवर तीन टकटक.

“आणि तुम्ही?”

“बसून राहतो.”

 पावसाचं असेल, जुन्या चौकटी आहेत, असं काहीतरी लोथार पुटपुटला.

“उघडलं आणि बाहेर कोणी नसलं, तर पुढच्या वर्षी मी काय ऐकू?” रोझविथा म्हणाली. “माझ्याजवळ तेवढंच आहे रे.”

मग तिने त्याला कशासाठी बोलावलं ते सांगितलं. एबरहार्टला आता नियम आठवत नाही. गेल्या वर्षी टकटक झाली तसा तो उठायला लागला, तिने त्याला कसाबसा आवरला. आता तिच्या हातांत जोर नाही.

“तू त्याच्यासमोर बस. माणसाला बसवून ठेवायचं तुला जमतं.”

तिच्या बोलण्यात विखार नव्हता. उंच फळीवरचा डबा काढायला शेजाऱ्याला हाक मारावी, तसं ती बोलली. लोथारने कागदाची घडी घालून तो पुन्हा खिशात ठेवला.

सहाला पेत्रीच्या मनोऱ्यावरची घंटा झाली आणि ती तिघं बसली. एबरहार्ट आणि रोझविथा एका बाजूला, समोर लोथार, त्याच्या डाव्या हाताला रिकामी खुर्ची. आधी सॉसेज, मग बदकाचं मांस, बटाट्याचे गोळे, आंबवलेला कोबी. एबरहार्ट खुशीत होता. ग्रंथपालाला वाढा, कागद खाऊन खाऊन त्याचं आतडं पुठ्ठ्यासारखं झालं असेल, असं तो दोनदा म्हणाला, आणि लोथार दोन्ही वेळा हसला. सेलरीच्या कंदाची कोशिंबीर झाली. आळंबी झाली. रोझविथाने मसूर वाढले आणि दोन्ही हात ताटाच्या बाजूंना ठेवले.

पाऊस थांबला होता. नुसता थांबला नव्हता. गल्लीतला प्रत्येक आवाज जाड कापडात गुंडाळावा तसा बुजला होता. लोथारचं लहानपण बर्फात गेलेलं. ती शांतता त्याला पाठ होती. खिडकीच्या खालच्या काचेवर बर्फाची नेच्यासारखी पानं उमटत होती. सात अंश, त्याने मनाशी म्हटलं. सात अंश.

टक.

एबरहार्टने काटा खाली ठेवला. त्याचा चेहरा उजळला.

“सिल्के आली. किल्ली विसरली असणार, दुसरं काय.” तो टेबलाला धरून उठू लागला.

रोझविथाने लोथारकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

त्याने हात पुढे केला असता तर एबरहार्टचं मनगट एका वितीवर होतं. पण तेच पुन्हा करायला आपण आलो नाही, असं त्याला अगदी स्वच्छ वाटलं. उठेल तो पुढच्या नाताळला नसेल. नसेना का, बहात्तर वर्षं पुरे झाली. दार मी उघडतो. बाहेर कोणी नसलं तर नसलं, पण एकदा तरी या घरातून कोणी उठलं, एवढं होऊ दे.

त्याने खुर्ची मागे सारली. डावा हात टेबलावर टेकून भार दिला.

टक.

त्याच्या डाव्या मनगटावर काहीतरी टेकलं.

ओली लोकर. आत गार, लहान हात.

पकड घट्ट नव्हती. थट्टेने धरावं, तशी होती. तरी त्याला उठता येईना. त्याने मान वळवली नाही. बाहीच्या टोकाला कापड काळपट ओलं होत चाललेलं तेवढं त्याला दिसत होतं.

समोर रोझविथाने आपल्या नवऱ्याचा दंड दोन्ही हातांनी कवटाळला होता. तिचे डोळे मिटलेले होते.

सिल्के तर इथे, आत आहे. मग बाहेर कोण आहे?

टक.

नंतर काही नाही. काही वेळाने पाऊस पन्हळीतून वाहायला लागला. मनगटावरचा भार कधी गेला ते त्याला कळलं नाही. एबरहार्ट हळूहळू खाली बसला आणि त्याने काटा उचलला.

आलुबुखारे खाल्ले. दुधात बुडवलेला पाव खाल्ला. नऊ पदार्थ झाले. कोणी उठलं नव्हतं. खिशातल्या कागदावरची चारही वाक्यं लोथारला आता पोरकट वाटत होती.

रोझविथा आवरायला लागली. तिने तीन ताटं उचलली. चौथं उचललं, ते कोरंच होतं. मग तिने हातमोजा उचलला आणि जागच्या जागी थांबली. त्यातून पाणी निथळत होतं. शुभ्र कापडावर त्याच्याएवढाच ओला डाग उमटला होता.

तिने तो तळहातावर ठेवला. चांदणी वर केली. अंगठा डावीकडे होता. तिने पुन्हा उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. अंगठा डावीकडेच. उजव्या हाताचा.

लोथारने टेबलाखाली वाकून पाहिलं. खुर्चीवर पाहिलं. डावा हातमोजा कुठेच नव्हता.

 रोझविथाने तो ओला हातमोजा गालाशी धरला. मग शेगडीपाशी जाऊन पितळी दांडीवर नीट पसरून वाळत घातला, चांदणी बाहेरच्या बाजूला करून, आणि थेंब पडतील तिथे खाली एक फडकं टाकलं.

एबरहार्ट खुर्चीतून ते सगळं बघत होता.

“अगं,” तो काळजीने म्हणाला, “आता तिचा उजवा हात गारठेल.”