जुन्या ब्राउझरमधली ओळ

बाबांचा शेवटचा धडधाकट दिवस शनिवारचा होता, आणि तो त्यांनी लेकीची थट्टा करण्यात घालवला.

त्यांच्या खोलीतला कॉम्प्युटर वीस वर्षांचा. रेडिओ दुरुस्त करण्यात हयात गेलेला माणूस. चालती वस्तू टाकायला त्यांचा हात धजत नसे. त्यामुळे तिच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याला, म्हणजे बाबांच्या भाषेत 'टॅगवाल्यांना', घरी यायला आयतं निमित्त मिळालं होतं. ती आणि तो मिळून वेबपानांसाठी नवा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधली एक खूण, तयार करत होते. त्यात लिहिलेला मजकूर झाकलेला राहायचा, क्लिक केलं की उघडायचा. जुन्या ब्राउझरवर पान मोडत नाही ना, एवढंच तपासायचं होतं. तीन महिने तपासत होते!

"बघा काका, पान शाबूत आहे."

"आहे की. वर वाचायलाही बरंच आहे." बाबांनी चष्मा सारखा केला. "'ही हसली की माझं काम चुकतं... हिला कसं सांगू?' हे कोणाचं, टॅगवाले?"

त्याचे कान लाल झाले. ती ओळ त्यानं नव्या टॅगमध्ये झाकली होती — ऑफिसात कधीतरी तिनंच क्लिक करावं म्हणून. जुना ब्राउझर अनोळखी टॅग सोडून देतो आणि आतलं सगळं उघड दाखवतो, हे तोच सगळ्यांना शिकवायचा!

"काय गं, काय सांगू यांना?" बाबांनी लेकीला विचारलं.

तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. "तसलं काही नाही, बाबा. नमुन्याचा मजकूर आहे तो."

"नमुना झकास आहे," बाबा म्हणाले.

तो मात्र हसला नाही.

रविवारी सकाळी बाबा चहाला उठलेच नाहीत.

तो आला, सगळी धावपळ केली; पण त्या ओळीचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. महिन्याभरानं परगावची नोकरी धरली. निघायच्या दिवशी बाबांच्या कॉम्प्युटरवरून चाचण्यांच्या फाइली न्यायला आला.

"टॅग मंजूर झाला."

"अभिनंदन."

"तुझंही..." त्यानं उभ्या उभ्याच फाइली उतरवून घेतल्या. "चल, निघतो. टॅक्सी खाली थांबलीय."

त्याला थांबवायचा हक्क तिनं त्या शनिवारी स्वतःच घालवला होता. पण बाबा खोटं उत्तर घेऊन गेले, ते तिला सलत होतं.

"एक मिनिट. नोकरी सोड म्हणत नाहीये मी." तिचा आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा आला — बाबांच्या रिकाम्या खुर्चीपर्यंत पोचेल इतका. "बाबा, मला हा आवडतो. पहिल्या दिवसापासून आवडतो."